मुलाची चेतना कोण तपासणार?

मीरा-भाईंदरच्या उपासक-उपासिकांनो,

सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातून घोर अपराध घडला, की ‘त्याला मोठ्यांसारखी शिक्षा द्या’ अशी आरोळी उठते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने ते दार उघडले, पण सताड नव्हे. गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा असेल, तरच मंडळ मुलाची क्षमता, परिणामांची समज व गुन्ह्याची परिस्थिती तपासते. फाशी देताच येत नाही. तथागतांनी चेतनेलाच कर्म मानले. ही तपासणी चेतनेचीच होय.

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोघांचे जीव घेतले. श्रीमंताघरच्या त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला. ३०० शब्दांचा निबंध लिहायचा होता. लोकांचा संताप रास्तच होता. पुढे जुलै २०२५ मध्ये मंडळाने त्याला प्रौढ मानण्यास नकार दिला. आता स्वतःला विचारा, वस्तीतल्या, वकील नसलेल्या पोराची इतकी बारकाईने तपासणी होईल काय? कडक कायदा आधी त्याच्यावरच कोसळेल. म्हणून माप सर्वांना एकच मागा.

तथागतांनी अंगुलिमालाला संघात घेतले. पण भिक्षेला गेला असता त्याला दगड बसले, तेव्हा ‘हे कर्माचे फळ सोस’ असेच सांगितले. करुणा म्हणजे अपराधावर पांघरूण नव्हे.

बंधूंनो, मृताच्या घरी आधी जा. मग आपल्या वाट चुकणाऱ्या पोराला विहारात आणा. त्याची चेतना न्यायालयाआधी आपण तपासू.

नमो बुद्धाय! जय भीम!