हळद लाल झाली तेव्हाच हात थांबायला हवा होता

मुलांसमोर बोलले नाही. ती वर गेली आहेत, आता ऐक. लंडनच्या या पिनर स्टेशनपासून घरापर्यंत गाडीत तुझ्या शेजारी बसून आले, तेवढ्यात जे दिसायचं ते दिसलं.

मागच्या सीटवर तो लाल डाग कसला म्हणून विचारलं, तर म्हणालास, "बाई, डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातून येताना बटाट्याच्या भाजीचा डबा कलंडला. पिवळा डाग होता, पुसायला गेलो तर लाल झाला." लाल झाला! आणि मग तू काय केलंस? आणखी फवारलंस! आठवीत काय शिकवलं होतं रे मी? लिटमस संपला की हळदीचा कागद करायचो आपण. आम्लात पिवळा, आम्लारीत लाल. पैकीच्या पैकी मार्क घेतले होतेस त्या धड्यात. हळद डोळ्यांदेखत ओरडून सांगत होती की तुझ्या हातातला फवारा आम्लारिधर्मी आहे, आणि तू तो जोर लावून घासत बसलास.

तो फवारा शेगडीचा चिकटा काढायला असतो. तुझ्या सीटचं क्रोमने कमावलेलं कातडं आम्लधर्मी असतं, सामू ४ च्या आसपास. त्यावर रोज तीव्र आम्लारी चोळलीस तर वरचा लेप हळूहळू कमजोर होतो आणि रंग सुटायला लागतो. बेबी वाइप्सही नकोत. त्वचेला चालतं ते लेपाला चालेलच असं नाही. आणि आता शहाणपणा करून लिंबू पिळू नकोस. डाग पुन्हा पिवळा होईल, एवढंच. जाणार नाही.

बरं, ते खोबरेल कुणी सांगितलं? आजोबा कोल्हापुरी वहाणांना तेल चोळायचे, हेच ना? अरे, ती वहाण बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेली, वर रंगाचा जाड थर नाही. ती तेल पिते. तुझ्या सीटवर आधी रंगाचा थर आहे आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक लेप. विश्वास नसेल तर एका कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून बघ. तसाच गोल बसून राहील. जिथे पाणी शिरत नाही तिथे तुझं तेल काय शिरणार? ते वरच बसतं, धूळ धरून ठेवतं, शिवणीच्या दोऱ्यात उतरतं आणि खवट होतं. शिवाय बसायच्या जागी ती बारीक भोकं आहेत, त्यातून जे आत फोममध्ये गेलं ते तर कायमचं गेलं. गाडीत शिरल्या शिरल्या जो वास आला, तो कुठून येतो ते कळलं आता?

तुमच्या याच पिनरमध्ये इझाबेला बीटन राहत होती. १८५६ साली लग्न करून इकडे वुडरिडिंग्जला आली आणि १८६१ साली तिचं घरकामावरचं ते जाडजूड पुस्तक निघालं. घोड्याच्या साजाचं चामडं राखायला त्यात चरबी, मेण आणि मऊ साबण सांगितलाय. योग्यच सांगितलं बाईने. तो साज पावसात भिजायचा, घामाने कडक व्हायचा. तुझी सीट काय घोड्याच्या पाठीवर असते?

आता तुझी ती महागाची कंडिशनरची डबी. ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड बघितलीस कधी नीट? गाडीतून उतरताना तू रोज तिच्यावरून घसरत उतरतोस. क्रीम रंगाची सीट तिथे राखाडी झालीय आणि शिवणीचा दोरा काळा. जीन्सची निळी झाक वेगळीच. वरून कशी चकचकीत! आणि तू ती चकाकी मला कौतुकाने दाखवतोस. नवं चामडं चकाकत नाही, बाळा, मंद दिसतं. चकाकतो तो मळ. घाम, डोक्याचं तेल आणि बारीक धूळ. ही धूळ पॉलिशकागदासारखी लेप घासत राहते, मग भेगा पडतात, आणि लोक म्हणतात चामडं सुकलं! त्या मळावरच तू कंडिशनर थापलास. पारोशा अंगाला अत्तर! आणि कडेला जी भेग पडलीय ती कुठल्याच डबीने भरून येणार नाही. ते सीटवाल्या कारागिराचं काम. तो भरून, वर रंग देईल.

काय करायचं ते एकदाच सांगते. आधी व्हॅक्यूम, मऊ ब्रश लावून, शिवणींमध्ये खास. मग चामड्यासाठीचंच क्लीनर. आधी सीटखालच्या कोपऱ्यात लावून बघायचं, रंग फडक्यावर येत नाही ना. सीटवर ओतायचं नाही, ब्रशवर घेऊन फेस करायचा. हातभर जागा घासायची, फेस राखाडी झाला की लगेच ओल्या फडक्याने टिपायचा, मग पुढची हातभर. कडेला पाणी मुरवायचं नाही, बहुतेक गाड्यांत तिथे आत एअरबॅग असते. फडकं भिजवायला नळाचं पाणी नको. इथलं पाणी दुष्फेन, किटलीच्या तळाशी पांढरा थर जमतो तो बघतोस ना? सीटवरही तेच डाग उमटतील. डिस्टिल्ड आण. वाळवायला सीटचा हीटर लावू नकोस, दारं उघडी ठेव. पूर्ण वाळल्यावर कंडिशनर, तोही नखभर. लावून थोडा वेळ ठेवायचा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाकायचा. त्याने सीट चकाकली तर चुकलास.

हळदीचं म्हणशील, तर फवाऱ्याचा अंश नीट पुसून काढ आणि गाडी उन्हात लाव. हळदीचा रंग उजेडाने उडतो. पिनरच्या उन्हाचा भरवसा मी देत नाही.

शनिवारी पांढरं फडकं घेऊन येते. उजव्या कडेवरून फिरवीन. काळं निघालं, तर माझ्यासमोर पहिल्यापासून. आणि ती खोबरेलाची बाटली दे इकडे, माझं संपलंय.