तुमीच सांगा ना, भाऊ!

लग्न, नोकरी आणि कर्ज यांचे निर्णय माणूस झटपट घेतो. त्याचं घोडं अडतं ते भिंतीच्या रंगापाशी. हे माझं स्वतःचं संशोधन आहे. गेली कित्येक वर्षं मी गोंदियात लोकांची घरं आतून सजवून देतो. पाटीवर ‘इंटिरिअर डेकोरेटर’ असं लिहिलंय, पण निम्मा वेळ जातो तो गिऱ्हाइकाचं काल ठरलेलं आज टिकवून धरण्यात. १ मे १९९९ रोजी सरकारनं भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा काढला, तो आजतागायत वेगळाच आहे. सरकारी निर्णयसुद्धा टिकतो, बघा! आमच्याकडे सकाळी पक्का केलेला सनमायका संध्याकाळी मेहुणा येऊन गेला की बदलतो.

या रोगावर दोनचार इलाज आहेत. अख्खं शेडकार्ड गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचंच नाही. तीनच छटा दाखवायच्या. त्याही नखाएवढ्या चौकोनावरून ठरवू द्यायच्या नाहीत. भिंतीवर चांगले रुंद पट्टे मारायचे आणि सकाळच्या उन्हात एकदा, रात्री ट्यूबलाइटखाली एकदा पाहायला लावायचं. ठरलं की वहीत लिहून खाली सही घ्यायची. सहीमुळे मन बदलायचं थांबत नाही, पण माणूस बदलताना ओशाळतो. तेवढं पुरतं.

गुरुजींपुढे मात्र सगळे इलाज थकले. निवृत्त शिक्षक, आमगावकडे धानाची शेती, गोंदियात नवं घर. आतली एकच खोली रंगवायची राहिली होती. पिस्ता की बदामी? पट्टे मारले, सह्याही झाल्या. एक पिस्त्याखाली, एक बदामीखाली. वहिनींना पिस्ता हवा होता. गुरुजींना काय हवं होतं ते गुरुजींनाच ठाऊक. रंगारी रोज यायचा, बिडी ओढायचा आणि परत जायचा. गुरुजींना विचारावं तर उत्तर ठरलेलं. ‘मले काही समजत नाही. तुमीच सांगा ना, भाऊ!’

आता मी सांगावं का? प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात, सगळं समजावून झाल्यावर, श्रीकृष्णानंसुद्धा अर्जुनाला तुझ्या इच्छेला येईल तसं कर म्हणून मोकळं सोडलं. १९४५ साली पॅरिसमधल्या एका व्याख्यानात सार्त्रनं आपल्या विद्यार्थ्याची हकीकत सांगितली होती. आईजवळ राहावं की तिला एकटं सोडून लढायला जावं, हे विचारायला तो आला होता. सार्त्रनं सांगितलं, बाबा रे, तू मोकळा आहेस, तूच ठरव. त्याचं म्हणणं असं, की सल्ला विचारायला कुणाकडे जायचं हे निवडतानाच माणसाचं बरंचसं ठरलेलं असतं. सार्त्रचं बरं होतं. त्याच्या दारात रंगारी बसलेला नव्हता.

मी खोटं बोललो. रंगाच्या दुकानात, दुकानदाराकडे न बघता म्हणालो, ‘गुरुजी, पिस्ता संपलाय. नागपूरहून यायला पंधरा दिवस.’ गुरुजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. ‘मग बदामी देऊन टाका.’

काम झालं, खोली झकास दिसायला लागली, पण मला चैन पडेना. वहिनी भेटल्या की विचारायच्या, ‘पिस्ता आला का हो, भाऊ?’ मी घड्याळ बघायचो. एका माणसाच्या घरातली त्याची स्वतःची भिंत मी त्याच्या हातून काढून घेतली होती. तीही त्याच्या भल्यासाठी नव्हे, माझ्या रंगाऱ्याची रोजी वाया जात होती म्हणून.

जुलैत उरलेल्या पैशांसाठी त्यांच्या शेतावर गेलो. रोवणी चालू होती. पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे राहून गुरुजी सपासप हुकूम सोडत होते. आधी कोणती बांधी, कुठं किती बाया, पाणी कुठं फोडायचं. मी थक्क झालो. ‘गुरुजी, इथं बरे कुणाला विचारत नाही!’

‘पऱ्हे थांबतेत का, भाऊ? जून झाले का फुटवे कमी येते.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘अन् धान बिघडलंच तर पुढच्या साली पुन्हा रोवता येते. ते खोली मायची होती.’

मायचं सगळं आयुष्य मातीनं सारवलेल्या भिंतींत गेलेलं. बदामी रंग तिला त्या भिंतींसारखा वाटला होता. पण घरात तसं म्हणायचं म्हणजे सासूसुनेचा जुना हिशेब नव्यानं उघडायचा. म्हणून गुरुजींना ‘काही समजत नव्हतं’.

मी तिथंच बांधावर कबुली दिली. गुरुजी मोठ्यानं हसले. ‘रंग आता मशीनमध्ये बनते. मशीन माझ्यासमोरच फिरत होती ना!’ खरंच की. पांढऱ्या बेसात थेंब सोडून हवी ती छटा दोन मिनिटांत तयार करतात; रंग संपायचे दिवसच संपले. माझ्याच धंद्यातली गोष्ट, आणि खोटं बोलताना मलाच आठवली नाही.

‘अन् मी बदामी संपला म्हणालो असतो तर?’

‘तर म्हटलं असतं, पंधरा दिवस थांबतो.’

ते खोटं नक्की कुणाचं, याचा हिशेब करत मी स्कूटरवरून परतलो. माझं म्हणावं, तर गुरुजी फसलेच नव्हते. त्यांचं म्हणावं, तर बोललो मी होतो. वहिनींना मात्र दोघांनीही विचारलं नव्हतं, आणि घर त्यांचंही होतं. हे कुसळ काही निघेना.

दिवाळीआधी वहिनींचा फोन आला.

‘भाऊ, स्वयंपाकघराले रंग द्यायचा आहे. ह्या वेळी बदामी संपला असंल ना?’