तजविजीची मर्यादा

सुखाची तजवीज आधीं किती करावी, हा प्रश्न वरवर पाहतां तत्त्वचिंतकाच्या अधिकारांतला वाटत नाहीं. तिकिटांचे दर, निघण्याची वेळ आणि शिदोरीचे डबे यांशीं नीतिशास्त्राचा संबंध तो काय, असें कोणीहि विचारील. परंतु एका कागदानें हा प्रश्न माझ्यापुढें असा कांहीं उभा केला कीं, तो अद्याप मला बाजूला सारतां आलेला नाहीं. तो कागद मींच तयार केला होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर इमॅजिका नांवाचें जें थीम पार्क २०१३ सालीं सुरू झालें, तें पाहण्यास आमच्या घरचीं सहा माणसें भोरहून जावयाचीं होतीं : मी, सौभाग्यवती, दोन मुलें, धाकटा भाऊ आणि सत्तरी ओलांडलेली आई. भोरहून पुणें सुमारें पन्नास किलोमीटर, तेथून घाट उतरून पुढें खोपोली. एका दिवसांत जाऊन येणें ज्यांस साधावयाचें, त्यांनीं पहांटेच निघालें पाहिजे. तेव्हां तीन आठवडे आधींपासून मीं कागद मांडला. साडेचारला उठणें, सव्वापांचला निघणें. कापूरहोळच्या फाट्यावर थांबणें नाहीं, चहा पुणें ओलांडल्यावर. दरवाजा उघडतांच प्रथम मोठा रोलर कोस्टर, कारण तेथील रांग दिवसाबरोबर वाढत जाते. त्यानंतर अमुक, मग तमुक. सव्वाएक ते दोन जेवण. चार वाजतां छायाचित्रें. प्रत्येक गमतीपुढें मीं मिनिटें लिहिलीं होतीं. आईच्या नांवापुढें मात्र एकच नोंद होती : 'सावलींत बसविणें, पिशव्या तिच्यापाशीं.'

वाचकांस वाटेल कीं, आतां ही योजना कशी फसली तें हा लेखक सांगणार. तसें नाहीं. योजना जवळजवळ संपूर्ण पार पडली, आणि तेंच माझें दुःख आहे. एकाच ठिकाणीं ती अडली. मोठ्या रोलर कोस्टरपाशीं उंची मोजण्याची पट्टी होती. थोरला मुलगा तिच्याजवळ उभा राहिला आणि दोन बोटें कमी भरला. असल्या खेळांना उंचीची अट असते, ती आधीं वाचावयास मिळते, आणि ती मुलांच्या जिवासाठींच असते. मीं रांगांचे अंदाज वाचले होते. ती अट वाचली नव्हती. तीन आठवडे ज्या क्षणाचें चित्र मीं त्याच्यापुढें रंगविलें होतें, तो क्षण असा आला आणि गेला. अशा वेळीं बापानें मुलाजवळ दोन घटका बसावयास हवें होतें. मीं घड्याळ पाहिलें आणि म्हणालों, "चला, पुढचं गांठूं."

रात्रीं परत येतांना आईनें गाडींत विचारलें, "अरे, तो घोड्यांचा फिरता पाळणा होता, त्याचे वेगळे किती पैसे पडतात?" मीं सांगितलें कीं, वेगळे कांहीं पडत नाहींत, एकदां दारावर तिकीट घेतलें कीं सारें त्यांतच. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "असं होय." तिचेंहि तिकीट मींच काढलें होतें. दिवसभर तें तिच्या हातांत होतें. तें हातांत धरून ती सहा तास पिशव्यांपाशीं बसली होती.

त्या दोन शब्दांत तक्रार नव्हती. असती तर मला उत्तर देतां आलें असतें. दुसऱ्या माणसास केवळ साधन समजूं नये, असें कांटनें १७८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. सहलीच्या कागदावर आपण माणसांस साधनहि समजत नाहीं, सामान समजतों. माझ्या कागदावर आईचें नांव होतें, परंतु व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर, कर्ता म्हणून कोठेंच नव्हतें.

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. तो जत्रेंतला होता. भोर-वेल्हें भागांतील माणसांची सहकुटुंब सहल पिढ्यान् पिढ्या जत्रा हीच होती. तिची तिथि पंचांगानें ठरविलेली. बाकी कोणी कांहीं ठरवीत नसे. भोरहून घाट चढून मांढरदेवीच्या काळूबाईला पौष पौर्णिमेस जावयाचें, तर दर्शन झाल्यावर पाळण्याचे पैसे वेगळे, गोडी शेवेचे वेगळे, बांगड्यांचे वेगळे. प्रत्येक सुखापुढें पुन्हां एकदां कनवटीला हात घालावा लागे, आणि म्हणून प्रत्येक सुखापुढें प्रत्येकास पुन्हां एकदां 'हवें कीं नको' असें विचारावें लागे. म्हातारीलाहि विचारीत. थीम पार्कच्या एका तिकिटानें हा व्यवहार बदलला. एकदांच पैसे दिले कीं सर्व सुखें एकदम विकत मिळतात. परंतु पैसे एकानें दिले म्हणजे सर्वांच्या वतीनें ठरविण्याचा अधिकारहि त्यास मिळाला, असें तो नकळत समजूं लागतो. मी तसाच समजलों.

यावरून जुनी जत्रा निर्दोष होती असें मात्र कोणीं समजूं नये. २५ जानेवारी २००५ रोजीं याच मांढरदेवीच्या यात्रेंत चेंगराचेंगरी होऊन सुमारें तीनशें माणसें प्राणास मुकलीं. जेथें लाखों माणसें एका अरुंद वाटेनें चढतात, तेथें तजवीज नसणें म्हणजे मोकळेपणा नव्हे. तो मृत्यूला मोकळी वाट देणें होय. तेव्हां 'योजनाच नको' हा माझ्या प्रश्नाचा निकाल असूं शकत नाहीं. परंतु हें मला त्या वेळीं उमगलें नव्हतें. पश्चात्तापाच्या भरांत मी दुसऱ्या टोकास गेलों.

पुढल्या हिंवाळ्यांत आम्हीं राजगडास जाण्याचें ठरविलें. आई या खेपेस आपण होऊन घरीं राहिली. मीं जाहीर केलें कीं, आतां कागद नाहीं, घड्याळ नाहीं. जसें घडेल तसें घडूं द्यावयाचें. गुंजवण्याहून चढलों. वाटेंत मुलें हवीं तेथें थांबलीं, एका दगडावर सरडा पाहत त्यांनीं पाऊण तास काढला, आणि मीं एकदांहि 'चला' म्हटलें नाहीं. पद्मावती माचीवर पोंचलों तेव्हां ऊन डोक्यावर आलें होतें. समोर सुवेळा आणि संजीवनी या दोन माच्या पसरलेल्या, पलीकडे तोरणा. माझ्या मुक्तीच्या तत्त्वज्ञानावर मी धाकट्या भावाशीं रसाळपणें बोलत होतों. तेवढ्यांत सौभाग्यवतीनें पिशवी उघडली. तींतून भाकऱ्या निघाल्या, पिठलें निघालें, ठेंचा निघाला, पाण्याच्या पांच बाटल्या, धाकट्याच्या गुडघ्यासाठीं मलम, आणि उतरतांना उशीर झालाच तर म्हणून विजेरी निघाली. ती त्या दिवशीं चार वाजतां उठली होती. मीं विचारलें, "हें सगळं कधीं केलंस?" ती म्हणाली, "तुम्ही कांहीं ठरवायचं नाहीं म्हणालांत, तेव्हांच."

माझी मान खालीं गेली. योजना नाहींशी झाली नव्हती. ती माझ्या कागदावरून तिच्या डोक्यांत गेली होती, इतकेंच. 'बघूं तेथें गेल्यावर' असें उदारपणें म्हणणाऱ्या पुरुषामागें बहुधा एक न बोलणारें माणूस उभें असतें, आणि तें आधींच सारें पाहून बसलेलें असतें. पहिल्या सहलींत मीं आईला सामान केलें. दुसरींत पत्नीला हमाल केलें. पहिला अपराध तजविजीचा होता असें मी समजत होतों. दुसरा तिच्या अभावाचा म्हणावा, तर तजवीज तर झालीच होती. म्हणजे दोष तजविजीच्या कमीअधिक प्रमाणांत नव्हता. ती कशाची केली आणि कोणाच्या माथीं मारली, यांत तो होता.

हें उलगडण्यास राजगडच उपयोगी पडला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत दुर्गांविषयीं जें प्रकरण आहे, त्यांत गड बांधण्यापूर्वीं प्रथम पाण्याची सोय पाहावी, पाणी नसल्यास आणि तें स्थळ तर अवश्य असल्यास, आधीं खडक फोडून टांकीं बांधावीं, अशा आशयाची आज्ञा आहे. सदर कशी शोभेल, सूर्योदय कोणत्या बुरुजावरून चांगला दिसेल, याची चिंता त्यांत आधीं नाहीं. ज्यांना वर राहावयाचें होतें त्यांना ठाऊक होतें कीं, सूर्योदय वर आहेच. पाणी मात्र आपण पाहिल्यावांचून असणार नाहीं.

याच्या उलट उदाहरण थीम पार्कांच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर आहे. वॉल्ट डिस्नेचें डिस्नेलँड अमेरिकेंतील ॲनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं उघडलें. सुमारें एका वर्षांत त्यानें तेथें किल्ला, नदी आणि आगगाडी उभी केली. स्वप्नांची एवढी बारीक योजना क्वचितच कोणीं केली असेल. परंतु उघडण्याच्या दिवशीं बनावट निमंत्रणपत्रिका घेऊन माणसें लोटलीं, ताजें डांबर उन्हानें मऊ होऊन बुटांच्या टांचा त्यांत रुतल्या, आणि नळकाम करणाऱ्या कामगारांच्या संपामुळें पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. स्वप्नें सारीं तयार होतीं, पाणी नव्हतें.

या दोन उदाहरणांवरून मला जो नियम दिसतो तो असा : जें तेथें आपोआप मिळणार नाहीं, त्याची तजवीज घरीं करावी, जें केवळ तेथेंच मिळणार आहे, त्याची घरीं करूं नये. पाणी, औषध, परतीची वाट, उंचीची अट, म्हाताऱ्या माणसाची बसण्याची जागा, पैसे यांचा विचार जितका आधीं आणि जितका बारीक होईल तितका थोडाच. परंतु कोणास काय आवडेल, कोण कोठें रेंगाळेल, कोणत्या गोष्टीनें कोणाचे डोळे चमकतील, हें त्या दिवसाच्या मालकीचें आहे. तें आदल्या रात्रीं ठरवून टाकणें म्हणजे दुसऱ्याच्या नांवावरील ठेव आपण काढून खाणें होय. आणि ओझ्याची तजवीज सर्वांनीं वांटून घ्यावी, हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग आहे. कारण जी एकट्याच्याच डोक्यांत राहते, ती त्या एकट्याची सुटी खाऊन टाकते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वेल्ह्याच्या एखाद्या वाडीवरचा शेतकरी किंवा पुण्यास कामाला जाणारा भोरचा तरुण, वर्षभर सांठवून कुटुंबाला एकदांच असल्या ठिकाणीं नेतो. त्याला 'रेंगाळा' म्हणून सांगणें ही भरल्या पोटाची शिकवण नव्हे काय? तिकीट आगाऊ काढल्यानें चार पैसे वांचत असतील, आणि कोठें आधीं जावें हें ठाऊक असल्यानें दोन तास वांचत असतील, तर त्याची योजना ही त्याच्या गरिबीची ढाल आहे. हें मला सर्वस्वीं मान्य आहे. त्यानें तिकीट आगाऊ काढावें आणि रांगांचा अभ्यासहि करावा. मात्र ढाल कशाच्या रक्षणासाठीं आहे, हें त्यानें विसरूं नये. पैसे वसूल झाले पाहिजेत, या एका विचारानें मुलांस एका रांगेंतून दुसऱ्या रांगेंत ओढीत नेलें, तर पैसे वसूल होतात आणि ज्यासाठीं ते खर्चिले तें हातचें जातें. ज्याला एकच दिवस मिळणार आहे, त्याचा तो दिवस घड्याळानें खाऊन टाकणें हें श्रीमंताच्या उधळेपणापेक्षांहि महाग आहे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरां कळली. विचारणें हीहि तजवीजच आहे. किंबहुना सर्वांत आधीं करावयाची तजवीज तीच. तिला कागद लागत नाहीं, आणि तिकिटांप्रमाणें ती कधीं संपूनहि जात नाहीं. तीन आठवडे मी मिनिटें मोजीत होतों; 'आई, तुला तेथें काय पाहावंसं वाटतं?' हें विचारण्यास एक मिनिट लागलें असतें.

यंदा दिवाळीच्या सुटींत पुन्हां खोपोलीस जावें असें मुलांनीं काढलें आहे. थोरल्याची उंची आम्हीं घरींच दाराच्या चौकटीवर मोजून पाहिली. ती आतां पुरते. पाण्याचें काम धाकट्या भावाकडे, डब्यांचें माझ्याकडे आलें आहे. काल आईला मीं विचारलें कीं, तुझ्यासाठीं काय काय ठरवूं? ती म्हणाली, "माझी पाण्याची बाटली तेवढी वेगळी दे, आणि पिशव्या दुसऱ्या कुणाकडे दे. बाकीचं तिथं गेल्यावर सांगेन."