मैदानावरचा न्याय

६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना. भारत ४ बाद ३२. तिथून बीडच्या सचिन धसने ९६ धावा काढल्या आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ मध्ये राष्ट्रकुल कुस्तीचे सुवर्ण जिंकले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्टीपलचेसचे रौप्य. ही मुले साऱ्या बीड जिल्ह्याला आपली वाटतात. त्यांची जात आधी विचारून मग कुणी टाळी वाजवत नाही.

याच जिल्ह्यात ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून करण्यात आला. त्यानंतर पोलिसांवरचा विश्वास इतका ढासळला, की तपास करणारा अधिकारी कोणत्या समाजाचा, हाच प्रश्न आधी येऊ लागला. पुढे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनावे काढली. निर्णय योग्यच होता. पण पट्टी बदलल्याने संशय जात नाही.

मैदानावर निकाल सर्वांच्या डोळ्यांदेखत लागतो, म्हणून हरणाराही तो मान्य करतो. ठाण्यातला निर्णय बंद दाराआड होतो, म्हणून तिथे ओळख आणि आडनाव शोधले जाते. तक्रार केव्हा नोंदवली, तपास कुठवर आला, हे फिर्यादीला हेलपाटे न घालता कळले, तर निम्मा संशय तिथेच संपेल.

महाराष्ट्राला लोकसहभागाची सवय आहे. गावोगावी पोलीस पाटील आहेत. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीमही झाली. पण पोलीस आणि लोकांचा संबंध बहुधा तंटा उभा राहिल्यावरच जुळतो. तो आधी जुळायला हवा, आणि त्यासाठी शाळेचे मैदान आणि तालीम यांच्याइतकी चांगली जागा नाही. सचिनची आई पोलीस अधिकारी आहे. राहुल आवारे स्वतः पोलीस उपअधीक्षक झाला. खाकी आणि खेळ बीडमध्ये एकाच घरात नांदतात.

म्हणून प्रत्येक ठाण्याने आपल्या हद्दीतल्या एका शाळेचा संघ आपला मानावा. अंमलदारांनी सरावाला जावे, मुलांना नावानिशी ओळखावे, संध्याकाळी मुली निर्धास्त खेळतील हे पाहावे. पालकांनीही आपल्या मुलासाठी ठाण्यात वशिला लावणे सोडावे. खेळाडूला जो न्याय आपण आनंदाने देतो, तोच फिर्यादीला मिळाला पाहिजे.