दुसऱ्याच्या चुकीची वाट

आम्ही बुद्धिबळातले जाणकार नव्हे. घोडा अडीच घरे जातो आणि उंट तिरपा चालतो, एवढे वडिलांनी लहानपणी शिकविले. त्याच शिदोरीवर आजवर भागले आहे. तरीही सन २०२४ च्या एप्रिल महिन्यात कॅनडातील टोरांटो येथे आव्हानवीरांची स्पर्धा झाली, तेव्हा आम्ही कित्येक रात्री जागून काढल्या. तेथे दुपारी अडीच वाजता डाव सुरू होत, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र झालेली असे.

आठ खेळाडू, प्रत्येकाचे प्रत्येकाशी दोन डाव, अशा चौदा फेऱ्या होत्या. जो पहिला येईल त्याने जगज्जेत्याला आव्हान द्यावयाचे. आठांपैकी तिघे भारताचे होते: चेन्नईचे गुकेश व प्रज्ञानंद, आणि नाशिकचे विदित गुजराथी. विदित यांनी अमेरिकेच्या नाकामुरा यांना दोन्ही डावांत हरविले, तेव्हा आमचा आनंद घरात मावेना. यात गैर काही आहे असे आम्हांस वाटत नाही. आपल्या माणसाच्या यशाने मन उचंबळणे स्वाभाविक आहे. आमचा प्रश्न शेवटच्या रात्रीचा आहे.

ती २१ एप्रिलची फेरी. सतरा वर्षांच्या गुकेशचे साडेआठ गुण झाले होते. नाकामुरा, कारुआना व नेपोम्नियाची हे तिघे आठ गुणांवर होते. काळी मोहरी घेऊन गुकेशने नाकामुरा यांच्याशी बरोबरी साधली आणि त्याचे नऊ गुण झाले. त्याचे काम संपले. परंतु दुसऱ्या पटावर अमेरिकेचे कारुआना आणि रशियाचे नेपोम्नियाची अजून खेळत होते. त्यांपैकी कोणीही जिंकला, तर त्याचेही नऊ गुण होऊन निर्णायक डाव खेळावे लागणार होते. दोघांची बरोबरी झाली, तरच गुकेश त्याच क्षणी विजेता ठरणार होता.

पांढरी मोहरी कारुआना यांची होती आणि बाजूही त्यांचीच वरचढ होती. हे आम्हांस कसे कळले? आमच्या बुद्धीने नव्हे. पडद्याच्या कडेला एक पट्टी असते. संगणक क्षणोक्षणी गणित करून कोणाचे पारडे किती जड आहे ते त्या पट्टीत दाखवितो. पट्टी पांढरी होत गेली की आमचा जीव खाली जाई. कारुआना यांनी मोहऱ्याला हात घातला की आम्ही मनात म्हणत असू, “चुकू दे, एकदा चुकू दे!” आणि ते चुकले. जिंकण्याची संधी एकदा नव्हे, अनेकदा त्यांच्या हातून निसटली. दर वेळी आम्ही टाळी वाजविली, वर “एवढे साधे दिसले नाही?” असेही म्हणालो. त्या माणसापुढे पट्टी नव्हती. पहिल्या चाळीस चालींसाठी दोन तास मोजून दिलेले. पुढे थकलेला मेंदू आणि समोर टिकटिकणारे घड्याळ.

एकशे नऊ चालींनंतर डाव बरोबरीत सुटला. दोघांचीही संधी गेली. तेव्हा नेपोम्नियाची हळूच म्हणाले की, मला फार वाईट वाटते. आणि कारुआना उत्तरले की, चूक माझीच. इतकेच. एकाने दुसऱ्याचे दुःख ओळखले, दुसऱ्याने आपला दोष पदरी घेतला. आमची टाळी अर्ध्यावर थांबली.

कोणी म्हणेल, तुमच्या इच्छेने टोरांटोतले प्यादे थोडेच हलते? खरे आहे. तेथे काही हलले नाही. पण येथे, आमच्या अंतःकरणात, काहीतरी हलले. ज्याने आमचे काही बिघडविले नाही, त्याच्या घसरण्याची आम्ही पाच-सहा तास वाट पाहिली. ही सवय एका रात्रीपुरती राहत नाही. आपल्या संडे स्कूलच्या पाठांतर स्पर्धेतच पाहा. दुसऱ्या वर्गाचे मूल वचन म्हणता म्हणता अडखळते, तेव्हा आपल्या वर्गाच्या बाकावर हसू फुटते. आणि शिक्षकहो, ते हसू कधीकधी आपल्याही ओठांवर असते.

मग स्पर्धा पाहूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. गुणांचे गणितच असे आहे की एकाला लाभ झाला म्हणजे दुसऱ्याची हानी होते. ते आपण बदलू शकत नाही. पण आपली इच्छा कशी असावी, हे आपल्या हाती आहे. आम्ही स्वतःपुरती एक कसोटी ठरविली आहे: जे मनात इच्छितो, ते त्या माणसाच्या तोंडावर बोलता येईल काय? “गुकेश जिंकावा अशी आमची फार इच्छा आहे,” हे कारुआना यांना आम्ही सांगू शकलो असतो. तेही कदाचित हसले असते. “तुम्ही चुकावे म्हणून आम्ही जागत आहो,” हे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नसते.

त्याच वर्षी डिसेंबरात गुकेश सिंगापूर येथे जगज्जेता झाला. आम्हांस अतिशय आनंद झाला. पण टोरांटोची ती रात्र आठवली की त्या विजयाआधी आम्हांस ती दोन लहान वाक्ये आठवतात. पुढच्या पाठांतर स्पर्धेत कोणी मूल अडखळले, तर आम्ही प्रथम त्याच्या चेहऱ्याकडे पाहू. गुणांच्या फळ्याकडे मागाहून.