नातीची कुंभारीण आणि अवधूतांचा चोविसावा गुरू

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मी काही विद्वान नाही. बी.कॉम. झालो, बँकेत छत्तीस वर्षं कारकुनी केली आणि आता वसई पूर्वेला एव्हरशाईन सिटीत मुलाकडे राहतो. दर गुरुवारी आरतीला येतो, त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण मला तोंडओळखीने ओळखतात. दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा म्हणाले, म्हणून यंदा घरात घडलेली एक गोष्ट लिहितो. गोष्ट लहान आहे, पण तिने मला मोठ्या पेचात टाकलं. लहान मुलांनी स्वतः पाहिलेलं लिहावं, की आपण मोठ्यांनी बरोबर ठरवलेलं?

नात चौथीत आहे. जुलैमध्ये शाळेतून निबंध आला, ‘माझा आवडता पक्षी’. मी शेजारी बसून मोरावर दहा ओळी सांगितल्या. मोर आपला राष्ट्रीय पक्षी, १९६३ साली तो मान मिळाला, डोक्यावर तुरा असतो, पावसात पिसारा फुलवून नाचतो. तिने सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. दहापैकी नऊ गुण मिळाले. वही दाखवताना ती म्हणाली, “आबा, पण मी मोर कधी बघितलाच नाही.” मी म्हटलं, “अगं, वर्गात कोणी बघितलाय? सगळे असंच लिहितात.”

बोलून तर गेलो, पण ते वाक्य मलाच खटकत राहिलं. बँकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. एका वरिष्ठांनी मोजलेल्या नोटांच्या बंडलांवर मी न मोजता सही केली. संध्याकाळी शंभराची एक नोट कमी निघाली. त्यांनी ती खिशातून भरली, विषय संपला. पण हेड कॅशिअर मला म्हणाले, “सही म्हणजे ‘मी मोजलं’ असं सांगणं. तू मोजलं होतंस का?” मोराच्या निबंधावर नातीचं नाव होतं. तीही एक सहीच, आणि न मोजता करायला मीच लावलेली.

ऑक्टोबरमध्ये दुसरा निबंध आला, ‘आपल्या परिसरातील प्राणी’. मी लगेच बिबट्या सुचवला. तुंगारेश्वरचा डोंगर आमच्या गच्चीवरून दिसतो, २००३ पासून तिथे अभयारण्य आहे. शिवाय २०२४ साली वसई किल्ल्याच्या परिसरात एका बिबट्याने मुक्काम ठोकला होता आणि वनखात्याने त्याला शेवटी पिंजऱ्यात पकडलं होतं. म्हणजे लिहायला भरपूर मजकूर. नात म्हणाली, “तोही मी बघितला नाही. मी खिडकीतली कुंभारीण लिहू?”

कुंभारीण म्हणजे कुंभारमाशी. पाऊस सरल्यावर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर तिने मातीचं सुपारीएवढं मडकं बांधायला घेतलं होतं. नात रोज शाळेतून आली की स्टूल ओढून तिथे बसायची. माशी ओल्या मातीची गोळी आणते, तोंडाने आणि पुढच्या पायांनी ती थापते, पुन्हा जाते. मडकं झाल्यावर हिरव्या अळ्या आणून आत सोडते. नातीने नऊ मोजल्या. मग तोंड मातीने लिंपून माशी निघून गेली, ती परत आली नाही.

मला आनंद झाला, कारण ही तर अवधूतांची चोविसावी गुरू! भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. एकनाथ महाराजांनी याच स्कंधावर टीका लिहिली आणि १५७३ साली ती काशीत पुरी केली, हे आपण जाणताच. कुंभारमाशी अळीला घरट्यात कोंडते, अळी भयाने तिचंच चिंतन करते आणि त्या चिंतनाने तिच्यासारखीच होते. मन ज्याचा ध्यास घेतं तसंच बनतं, असा त्याचा बोध. मी नातीला म्हटलं, “शेवटी हेच लिही. अळीची माशी झाली.”

तेवढ्यात दिवाळीची साफसफाई आली आणि माझ्याच हातातल्या झाडूने ते मडकं खाली पडलं. फुटलं. नात रडायला लागली. मग डोळे पुसून वाकून बघायला लागली. आत एक पिवळट, बिनपायांची, गुबगुबीत अळी होती. नऊ हिरव्यांपैकी तीनच उरल्या होत्या, त्याही किंचित वळवळत होत्या. बाकीच्यांची नुसती सालं. नात म्हणाली, “आबा, ह्या अळ्यांची माशी होत नाहीये. ही पिवळी त्यांना खातेय.”

मुलाने रात्री मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. फ्रान्समध्ये झाँ-आँरी फाब्र (१८२३–१९१५) नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी जन्मभर असे किडे न्याहाळले. कुंभारमाशी मडक्यात अंडं घालते, ते आतल्या छताला बारीक तंतूने टांगलेलं असतं. अळ्यांना ती मारत नाही, नांगी मारून लुळ्या करते, म्हणजे पिल्लाला ताजं अन्न मिळतं. पिल्लू ते खाऊन वाढतं, कोष करतं आणि माशी होऊन भोक पाडून बाहेर येतं.

आता मी काय करावं? ग्रंथातलं लिही म्हणावं, तर मुलीने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं पाडायचं. पाहिलेलं लिही म्हणावं, तर दत्तप्रभूंचा दृष्टांत चूक म्हणायचा. मंदिरातल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांना विचारलं. ते म्हणाले, “मुलांना असं दाखवू नका, श्रद्धा डळमळते.” त्यांचा हेतू चांगला होता. तरी मला रात्रभर चैन पडलं नाही.

विचार करता करता एवढं उमगलं. आपल्या पूर्वजांनीही हेच पाहिलं होतं. अळी आत जाताना पाहिली, काही दिवसांनी माशी बाहेर पडताना पाहिली. मधलं मातीच्या आड घडलं, ते त्यांना दिसलं नाही. ते त्यांनी आपल्या समजुतीने भरून काढलं. म्हणजे चूक झाली असली तरी ती पाहणाऱ्याची चूक होती. माझ्या मोराच्या निबंधात एकही चूक नव्हती, पण पाहिलेलंही काही नव्हतं. या दोहोंत अवधूतांना कोणतं आवडलं असतं?

आणि बोध कुठे जातो? दृष्टांत हा सिद्धांताकडे बोट दाखवण्यासाठी असतो. ध्यासाने मन घडतं, हा आपणा सर्वांचा रोजचा अनुभव आहे, तो त्या अळीवर अवलंबून नाही. अवधूतांनी गुरू केले ते हिंडून, बघून. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, सर्प, कोळी आणि ही माशी, असे चोविसांपैकी अकरा गुरू प्राणीच आहेत. त्यात मोर नाही, सिंहही नाही. जे वाटेत भेटलं त्याच्यापाशी ते थांबले. जी श्रद्धा टिकवायला लेकराचे डोळे झाकावे लागतात, ती त्यांच्या वाटेवरची नव्हे, असं मला वाटतं.

सकाळी नातीला म्हटलं, “तू पाहिलंस तसंच लिही.” तिने लिहिलं. गोळ्या, नऊ अळ्या, सालं, सगळं. शेवटी लिहिलं की आबांच्या झाडूने मडकं पडलं आणि पिवळी अळी मेली. खरंच मेली होती, आम्ही मडक्याचे तुकडे कुंडीच्या आडोशाला ठेवले होते, त्यातून काही निघालं नाही. ते वाक्य खोडायला माझा हात पेन्सिलीकडे गेला होता. निबंध वर्गात वाचला जातो, आबांचं नाव कशाला? पण हेड कॅशिअर आठवले आणि हात मागे घेतला.

दहापैकी सहा गुण मिळाले. त्यातले तीन शुद्धलेखनाला गेले, तो हिशेब मला मान्य आहे.

दत्तजयंतीला आपण नातवंडांकडून चोवीस गुरूंची यादी पाठ करून घेतो. माझी विनंती एवढीच, की त्यातला एक तरी गुरू त्यांना प्रत्यक्ष दाखवावा. कबुतरं तर प्रत्येक सोसायटीत आहेत. माळ्यावर कोळी आहे. ट्यूबलाईटपाशी पतंग येतो. किती वेळा आला, काय खाल्लं, कुठे गेला, एवढंच मुलांना विचारावं आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहू द्यावं. त्या यादीत एकोणिसावा गुरू ‘अर्भक’ आहे, म्हणजे लहान मूल. साठी उलटेपर्यंत तो गुरू मी नुसता पाठच केला होता.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥