नसण्याची जागा

‘ओपनहिस्टॉरिकलमॅप’ या नावाने देशोदेशींचे हौशी अभ्यासक जो सामायिक नकाशा इंटरनेटवर रचीत आहेत, त्यात प्रत्येक वास्तूला, रस्त्याला आणि मुलखाच्या हद्दीला आरंभाची व अंताची तारीख जोडता येते. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या त्याच्या वडीलभावात, आज भूमीवर जे उरले नाही ते वगळावे असा दंडक असल्यामुळे, नष्ट झालेल्या वस्तूंना आश्रय मिळतो तो येथेच.

नष्ट झालेल्याच्या नसण्याचा विचार आपल्या दर्शनांनीही केला आहे. उत्तरकालीन वैशेषिक दार्शनिकांनी अभावाला सातवा पदार्थ (मूलतत्त्वांचा वर्ग) मानले आणि प्रागभावाला, म्हणजे वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीच्या तिच्या अभावाला, आदी नाही पण अंत आहे, प्रध्वंसाभावाला, म्हणजे नाशानंतरच्या अभावाला, आदी आहे पण अंत नाही, असा विलक्षण सिद्धान्त मांडला. नकाशातली अडचण येथेच येते. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. त्याचा तट आणि दिल्ली दरवाजा मात्र उभेच राहिले. मग अंताची तारीख कोणाची लिहावी? अवयवांहून अवयवी, म्हणजे भागांहून त्यांची बनलेली अखंड वस्तू, निराळी, हे न्यायमत स्वीकारले तर वाडा गेला. बौद्धांच्या मते तो मुळातच एक व्यवहारापुरती संज्ञा होता. मला न्यायाचा पक्ष ग्राह्य वाटतो, कारण त्या उघड्या जोत्यांपाशी उभ्या असलेल्या माणसाला जाणवते ते नुसते गवत नव्हे, तर त्या विशिष्ट वाड्याचे नसणे होय.

परंतु अभावाच्या प्रत्यक्षालाही, ज्याचा अभाव त्या प्रतियोगीचे ज्ञान आधी असावे लागते, आणि ते पुरवण्याची जबाबदारी या नोंदी करणाऱ्यांवर येते. म्हणूनच जुन्या महजरावर, म्हणजे निवाडापत्रावर, जशा हजर असलेल्यांच्या साक्षी पडत, तसा प्रत्येक तारखेमागे आधाराचा दाखला असलाच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.